सत्तावीस नंबरचा प्लॉट

"विहीर घराच्या कुठल्या बाजूला येते गं?" पद्माकरकाकांनी विचारलं.

निशिगंधाने मान वर केली. काकांनी तिच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला होता. त्यावर त्यांनी पेन्सिलीने स्वतः घर काढलं होतं. दोन खोल्या, समुद्राकडे तोंड करून व्हरांडा, मागे पावसाचं पाणी साठवायची टाकी. एका कोपऱ्यात कोकमाची दोन झाडंसुद्धा होती.

सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर, गेली दोन वर्षं ती लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. कंपनी इंडोनेशियातल्या केरंता नावाच्या लहानशा बेटावर भाडेपट्ट्याने प्लॉट विकत असे. लोक विचारायचे, विमानतळ कधी होणार, भाव कितीने वाढेल, तीन वर्षांनी प्लॉट पुढे विकता येईल का. विहिरीचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिथे राहायला जायचं कुणाच्या मनातच नव्हतं.

"पूर्वेला," ती म्हणाली.

काकांनी पूर्वेला छोटंसं वर्तुळ काढलं आणि कागदाची नीट घडी घातली. मग जाता जाता सहज सांगावं तसं म्हणाले, की येत्या मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या बुकित बातोकच्या राहत्या फ्लॅटला गिऱ्हाईक येतंय. ऑप्शनच्या, म्हणजे विक्री ठरल्याच्या कागदावर सही करायची. एकदा ती झाली की विकणाऱ्याला मागे फिरता येत नाही. तेच पैसे कंपनीला घर बांधायला द्यायचे आणि डिसेंबरपर्यंत तिकडे जायचं.

"हे घर तरी कुठे आपलं? नव्याण्णव वर्षांचा सरकारी पट्टा. त्यातली निम्मी गेली," ते हसून म्हणाले. "तिकडे निदान दारातून पाणी दिसेल."

ते गेल्यावर निशिगंधाने बेटाची फाइल उघडली आणि विहीर शोधू लागली. नकाशात विहीर नव्हती. ड्रोनच्या फोटोत निळा समुद्र होता, पांढरी वाळू होती. फोटो नेमका बेटाच्या कुठल्या टोकाचा आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीतही ती फाइलच चाळत राहिली.

निशिगंधा सत्तेचाळीस वर्षांची होती. सात वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर पुण्याहून आली. चारच वर्षांत नवरा परत गेला, एकटाच. ती राहिली, कारण मुलगी आर्या इथल्या शाळेत रुळली होती. सेंगकांगला भाड्याच्या दोन खोल्या, रोजची एलआरटीची गाडी, आणि ऑफिसच्या नोकरीवर टिकून असलेला पास, म्हणजे इथे राहायचा परवाना. तिच्या पासवर आर्याचा पास. नोकरी गेली तर तीस दिवसांत देश सोडायचा, हे गणित ती झोपेतही विसरत नसे. आर्या सोळा वर्षांची होती आणि ऑक्टोबरात तिची शाळेची शेवटची परीक्षा होती.

कंपनीचा मालक वरुण सबनीस तिच्याहून दहा वर्षांनी लहान होता. गोड बोलायचा, कामाच्या वेळी ऑफिसात राहायचा, कुणावर आवाज चढवायचा नाही. मराठी लोकांच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला तो तिला बरोबर न्यायचा, कारण कागद मराठीत समजावून सांगणं तिला छान जमायचं. तिचं बोलणं मोकळं होतं, साडी साधी असायची. लोक तिच्यावर विश्वास ठेवत. मराठी माहितीपत्रकातला शब्द न् शब्द तिचा होता. 'समुद्राच्या कुशीत तुमचं हक्काचं घर' ही ओळही तिचीच. अकरा मराठी कुटुंबांनी प्लॉट घेतले होते. पद्माकर देवस्थळी त्यांतले एक.

काका मूळचे बार्शीचे. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत काढली. बायको चार वर्षांपूर्वी वारली, मुलगा वेदांत कॅनडात. एकदा फराळाच्या वेळी ते निशिगंधाला म्हणाले होते, की सगळा जन्म जहाजांच्या पोटात गेला, समुद्र कधी धड पाहिला नाही. तेव्हा तिने त्यांना सत्तावीस नंबरचा प्लॉट सुचवला होता. नकाशावर तो पाण्याच्या अगदी लगत होता.

शुक्रवारी तिने पोटदुखीचं कारण सांगून रजा घेतली. आर्याला म्हणाली, दोन-तीन दिवस ऑफिसच्या कामाला जातेय.

"ओके लाह. बट मंडे माय मॅथ्स प्रिलिम, यू नो राइट?"

"माहीत आहे. सोमवारी रात्रीपर्यंत येते."

तानाह मेराहच्या धक्क्यावरून फेरीने दोन तासांवर इंडोनेशियातलं तांजुंग पिनांग बंदर. तिथे मुक्काम. शनिवारी सकाळी स्पीडबोटीने चार तास, आणि तिथून पुढे मच्छीमारांच्या लाकडी होडीत दोन तास. माहितीपत्रकात तिने 'सिंगापूरपासून जवळच' असं लिहिलं होतं. होडीत बसून ती एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने नकाशाची पिशवी धरून होती. होडीवाल्याने तिला दोनदा विचारलं की केरंतालाच ना, नक्की?

वस्ती पाण्यावर होती. खांबांवर उभी केलेली साठेक लाकडी घरं, त्यांना जोडणारी फळ्यांची वाट, टोकाला पत्र्याची मशीद आणि निळ्या रंगाची शाळा. निम्म्या घरांची दारं बाहेरून बांधून ठेवलेली. तिला उतरवून घ्यायला शाळेची मास्तरीण आली, तिचं नाव रोहाया. चाळिशीची, डोक्यावर पिवळा रुमाल. तांजुंग पिनांगला शिकली असल्यामुळे तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. निशिगंधाने कंपनीचं नाव सांगताच रोहायाचा चेहरा उजळला. तिने मागे वळून काहीतरी मोठ्याने सांगितलं, आणि बघता बघता फळ्यांवर माणसं गोळा झाली.

"काम कधी सुरू होणार?" रोहायाने विचारलं.

निशिगंधा म्हणाली, मी फक्त बघायला आलेय.

त्या संध्याकाळी रोहायाच्या घरात तिला सगळं कळत गेलं. दोन वर्षांपूर्वी तांजुंग पिनांगहून कंपनीचा माणूस आला होता. त्याने सर्वांना चहा-बिस्किटं दिली, विमानतळाचं चित्र दाखवलं, आणि हजेरी म्हणून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. इथल्या पोरांना हॉटेलात नोकऱ्या मिळतील असं सांगितलं. रोहायाचा भाऊ जुनैदी बाताम बेटावरच्या कारखान्यात होता. ती नोकरी सोडून तो परत आला. तेव्हापासून तो दारात बसून जाळी दुरुस्त करतोय आणि वाट बघतोय. वीज संध्याकाळी चार तास, तीही डिझेल असेल तर. डॉक्टर नाही, एक नर्स महिन्यातून एकदा येते. फोनला सिग्नल नाही. पिण्याचं पाणी पावसाचं, नाहीतर टेकडीवरच्या झऱ्याचं. विहीर खणली तर पाणी खारं लागतं.

निशिगंधाने विचारलं, इथे घरांना भाव काय आहे?

रोहायाला प्रश्न कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "इथे कुणी घर विकत नाही. सोडून जातात."

रविवारी सकाळी रोहायाने तिला प्लॉट दाखवायला नेलं. बेटावर उंचावरची जमीन थोडीच होती. तिथे वस्तीची नारळाची झाडं होती आणि कबरस्तान होतं. ती जमीन कुणी कुणाला दिली नव्हती. नकाशा दाखवत होता ती जागा खाली, तिवरांच्या झाडीत होती. चिखलात रांगेने खुंट ठोकले होते, प्रत्येकाला लाल फीत आणि नंबर. पंचवीस, सव्वीस. सत्तावीसचा खुंट कलला होता. निशिगंधा चप्पल हातात घेऊन चिखलातून तिथपर्यंत गेली आणि उभी राहिली. खुंटाचं बूड हिरवंगार झालेलं, त्यावर शिंपले चिकटलेले. ती फोटो काढत असतानाच पायाला गार लागलं. पाणी मुळांमधून आवाज न करता आत येत होतं. बोटं बुडाली, मग घोटा. रोहाया मागून हाका मारू लागली, तेव्हा ती वळली.

गावप्रमुखाकडे एक कागद होता. त्याने तो पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवला. परदेशी माणसाला इथली जमीन घेता येत नाही, हे तो शांतपणे म्हणाला. कंपनीच्या माणसाला तिवरांच्या पट्ट्यात मोजणी करायची परवानगी मिळाली होती, एवढंच. तीही एका वर्षाची. ती मुदत संपून गेली होती.

सोमवारी पहाटेपासून वारा सुटला. होडीवाला म्हणाला, आज कदाचित नाही. निशिगंधा फळ्यांच्या टोकाला उभी राहून पाण्याकडे बघत होती. आर्याचा पेपर आज होता. काकांची सही उद्या. इथून कुणाला काही कळवायची सोय नव्हती. नऊ वाजले, दहा वाजले. रोहाया शाळा उघडून पुन्हा तिच्याजवळ येऊन उभी राहिली. अकराच्या सुमाराला वारा जरा पडला आणि होडीवाल्याने इंजिन चालू केलं.

तेवढ्यात निशिगंधाने ते बोलून टाकलं. काम सुरू होणार नाही असं मला वाटतं, ती म्हणाली. तुझ्या भावाने बातामला परत जावं.

रोहायाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग घाईघाईने घरात गेली, केळीच्या पानात बांधलेला उकडलेला कसाव्याचा कंद घेऊन आली आणि वाटेत खायला म्हणून तो निशिगंधाच्या हातात दिला.

तांजुंग पिनांगला पोचल्यावर फोनला जीव आला. काकांचा नंबर समोर होता. निशिगंधाने फोन केला नाही. आधी वरुणशी बोलू, असं तिने ठरवलं. तो काहीतरी करील, निदान काकांना तोच सांगेल, आणि आपल्यावर पाळी येणार नाही, अशी एक आशा तिला होती. शेवटच्या फेरीत ती तो कसावा हातात धरून बसली.

मंगळवारी सकाळी तिने फोटो वरुणच्या टेबलावर ठेवले. त्याने एकेक नीट बघितला.

"तुम्ही गेलात हे चूक नाही," तो म्हणाला. "मला सांगून जायला हवं होतं. भराव घालता येतो, निशिगंधा. अर्धं सिंगापूर भरावावर उभं आहे."

परवानगी संपली आहे, ती म्हणाली. तो म्हणाला, नवीन मिळवू, वेळ लागतो. ती म्हणाली, काका आज राहतं घर विकतायत. वरुणने खुर्ची थोडी मागे घेतली. काका सुजाण आहेत, तो म्हणाला, त्यांचा निर्णय त्यांनी घेतलाय. मग तो आर्याबद्दल विचारू लागला. परीक्षा कधी, पुढे कुठे घालायचं ठरवलंय. तुमच्या पर्मनंट रेसिडेन्सीच्या अर्जाला मी या महिन्यात पत्र देणारच होतो, असंही त्याने सांगितलं.

"आज तुम्ही घरी जा," तो म्हणाला. "दमला आहात. शुक्रवारी बोलू."

निशिगंधा खाली आली आणि स्टेशनवरच्या बाकावर बसून राहिली. गाड्या येत होत्या, जात होत्या. सेंगकांगला जायचं की बुकित बातोकला? तीस दिवस म्हणजे ऑक्टोबर येण्याआधीच संपतील. आर्याचं दप्तर, तिच्या मैत्रिणी, भिंतीवर चिकटवलेलं तिचं वेळापत्रक, एकेक डोळ्यांपुढून गेलं. संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा ती उठली आणि पश्चिमेकडच्या गाडीत चढली.

काकांचं दार उघडंच होतं. आत एजंट बसला होता, आणि एक तरुण चिनी जोडपं. बाईच्या मांडीवर लहान बाळ. टेबलावर कागद मांडलेले, काकांच्या हातात पेन.

"ये ये," काका म्हणाले. "बरी आलीस. साक्षीला आपलं माणूस झालं."

"काका, सही करू नका."

ती मराठीत बोलली. एजंटने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"मी केरंताला जाऊन आले. तुमचा प्लॉट पाण्यात आहे. भरती आली की बुडतो."

काकांनी पेन खाली ठेवलं नाही. "किती?"

"मी उभी होते तेव्हा घोट्याच्या वर. आणखी चढत होतं. आणि जमीन कंपनीची नाही, काका. कधीच नव्हती."

बाळाने टेबलावरचा कागद ओढला, त्याच्या आईने तो हळूच सोडवून घेतला. मग काकांनी पेनाला टोपण लावलं. एजंटला ते इंग्रजीत म्हणाले की माफ करा, मला विकायचं नाही. एजंट बराच वेळ बोलत राहिला. जोडपं उठलं. त्यांनी खोलीकडे एकदा बघून घेतलं, खिडकीकडे बघितलं, आणि बाळाला घेऊन ते एजंटबरोबर निघून गेले.

दार लागल्यावर काका म्हणाले, "हे तू मला वर्षापूर्वी सांगायला हवं होतंस."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं होतंस का कुणाला?"

"नाही."

"का?"

पास, आर्या, परीक्षा हे सगळं खरं होतं, पण काकांसमोर ते निशिगंधाला कारण म्हणून सांगवेना. काका तिच्याकडे बघत होते.

"तू जा आता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तिने उरलेल्या दहा कुटुंबांना एकेक करून फोन केले. कुणी तिला शिव्या घातल्या. कुणी म्हणालं, शंका होतीच. एका गृहस्थांनी विनंती केली की माझा प्लॉट दुसऱ्या कुणाला जाईपर्यंत जरा गप्प राहा. तिने त्यांना नाही म्हटलं. शुक्रवारी वरुणने शांतपणे तिच्या हातात नोकरीवरून काढल्याचं पत्र दिलं आणि पास रद्द करायला पाठवला. पुढे लोकांनी मिळून पोलिसांत तक्रार केली, तिनेही आपला जबाब लिहून दिला. वरुणचं ऑफिस बंद झालं. लोकांचे पैसे परत मिळतील की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आर्याला सांगायचा दिवस सगळ्यांत अवघड गेला. ती रडली नाही. नोकरी कशामुळे गेली हे तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि खोलीत जाऊन वेळापत्रकातले कागद एकेक सुटे करू लागली. शाळेने मात्र धीर दिला. परीक्षेपर्यंत तिला विद्यार्थी म्हणून पास मिळू शकेल, पण आई इथे नसेल तर जबाबदारी घेणारा इथला कुणीतरी पालक हवा, असं शाळेच्या बाईंनी सांगितलं. निशिगंधाने ओळखीच्या तीन घरी विचारलं. प्लॉट घेतलेल्या अकरा कुटुंबांपैकी कुणाशी ना कुणाशी प्रत्येकाचं नातं होतं. कुणी स्पष्ट नाही म्हटलं नाही, पण हो कुणाकडूनच आलं नाही.

तीस दिवसांतले अठरा झाले होते, तेव्हा एका सकाळी सेंगकांगच्या दारात पद्माकरकाका उभे राहिले. आत आले नाहीत.

"शाळेचा फॉर्म कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांना कुणी सांगितलं, हे निशिगंधाने विचारलं नाही. तिने फॉर्म आणून दिला. काकांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच तो पूर्ण वाचला.

"माझा राग गेलेला नाही," ते म्हणाले. "लवकर जाणारही नाही. पण माझं घर आहे, ते तुझ्यामुळे आहे. एक खोली रिकामी आहे. पोरीने परीक्षा द्यावी."

"काका, मी तुम्हाला..."

"काही म्हणू नकोस. ती खाते काय तेवढं लिहून दे. मला पोळ्या जमत नाहीत, भात जमतो."

शेवटच्या आठवड्यात त्यांनी आर्याचं सामान बुकित बातोकला नेलं. रिकामी खोली काकूंची होती. कपाट मोकळं करताना काकांनी निशिगंधाला मदतीला बोलावलं नाही. ते दार लोटून एकटेच आत होते. बाहेर आले तेव्हा साड्यांचे तीन गठ्ठे चादरीत बांधलेले होते आणि दांडीवर हँगर मोकळे झुलत होते. आर्याने तिथे आपले शाळेचे गणवेश लावले. काका म्हणाले की खिडकीशी टेबल ओढून घे, उजेड चांगला येतो. "थँक यू, आजोबा," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि भाताचा कुकर लावायला गेले.

निघायच्या दिवशी निशिगंधाचं पुण्याला जायचं विमान दुपारचं होतं. आर्याला सकाळी जादा तासाला जायचं होतं. तिने बूट घातले, आईला एक हाताने मिठी मारली, कारण दुसऱ्या हातात वह्या होत्या. "डिसेंबरला येते, आई. डोंट क्राय लाह," एवढं म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली. काका कठड्याशी उभे राहून खाली बघत राहिले, ती बसमध्ये चढेपर्यंत. बस गेल्यावर ते म्हणाले, "गेली," आणि आत गेले.

निशिगंधाने खोलीत शेवटचं एकदा डोकावून बघितलं. मग बॅग बाहेर ओढली. दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवर तिच्या चपला होत्या, काकांच्या जुन्या सँडल होत्या, आणि आर्याचे खेळाचे बूट. तिने आपल्या चपला काढून पायात घातल्या. आर्याचे बूट तिरके पडले होते. ते तिने उचलले, त्यांच्या नाड्या आत खोचल्या, आणि काकांच्या सँडलशेजारी ओळीत, सरळ लावून ठेवले.